अक्षरे हलतात म्हणणारी सुंदरा

मी एक जुना, मधोमध तडा गेलेला फळा आहे. मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंनी आपली हकिकत गोड शब्दांत सांगावी असे तुम्हाला वाटत असेल. मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे.

मी शहापूरच्या रानातल्या सागाचा. किन्हवलीच्या सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले आणि बैलगाडीतून मुरबाडच्या वाटेवरच्या एका गावात पोहोचवले. तिथली शाळा म्हणजे एक खोली आणि एक मास्तर. बिगरीपासून, म्हणजे पहिलीच्याही आधीच्या वर्गापासून, चौथीपर्यंतची सगळी मुले त्याच खोलीत बसत. शनिवारी ती कोळसा आणि हिरवा पाला वाटून मला काळेभोर करीत. गावात पाहुणा आला की मुद्दाम मला बघून जाई. मी फुलून जात असे.

साधारण १९३५ साली अंबूबाई नावाची शेतकरीण आपल्या सुंदराला घेऊन आली. त्या गावात मुलीला शाळेत कोणी घालत नसे. उद्या पोरीला कोणी फसवू नये, तिला चार अक्षरे यावीत, एवढेच तिचे म्हणणे होते.

सुंदराचे कान फार तीक्ष्ण होते. ती बिगरीत बसे आणि चौथीची मुले घोकत ते तिला पाठ होई. पण पाटीवर लिहायला घेतले की सगळे बिनसे. 'घ' आणि 'ध' तिला एकच वाटत, काने-मात्रे सुटून जात. स्वतःचे नाव ती 'सुंरदा' असे लिही आणि त्यात काय चुकले ते तिला दिसत नसे. मास्तर निरगुडीच्या फोकाने तिच्या बोटांवर मारीत. सुजलेल्या बोटांनी ती पुन्हा लिही, पुन्हा चुके, पुन्हा मार खाई.

एकदा तिने धीर करून सांगितले, "मास्तर, अक्षरं जाग्यावर ऱ्हात नाय. हलतात."

सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले. मग त्यांनी खडू घेऊन माझ्यावर मोठा 'ढ' काढला आणि तिला त्याखाली तोंड फिरवून उभे केले. तिचे कपाळ मला टेकले होते. तिचे रडणे मी अंगावर घेतले, आणि माझ्या अंगावरचे ते अक्षर मला पुसता येत नव्हते. मास्तर दुष्ट होते असे मी म्हणत नाही. त्यांच्या गुरुजींनी त्यांना जसे शिकवले, तसेच ते शिकवत होते. पण म्हणून माझा राग कमी होत नाही. मुलीने आपले दुखणे स्वच्छ शब्दांत सांगितले होते, आणि खोलीतल्या एकाही माणसाला ते खरे वाटले नाही.

तिच्यामागून आलेली मुले पुढच्या इयत्तांत गेली. ती बिगरीतच राहिली.

मग शाळा तपासायला डिपोटीसाहेब येणार असे ठरले. निकालावर मास्तरांची बढती अवलंबून होती. त्या दिवशी त्यांनी सुंदराला तोरणासाठी आंब्याचा पाला आणायला लांबच्या वाडीवर पाठवले. साहेब जाईपर्यंत ती परतू नये, एवढाच त्यातला हेतू. पण ती सारी वाट धावत गेली आणि धावत आली. दारात पोहोचली तेव्हा साहेबांनी दिडकीचा, म्हणजे दीडपटीचा, पाढा विचारला होता आणि चौथीची मुले खाली मान घालून उभी होती. सुंदराने पाल्याची मोळी खाली ठेवली आणि दारातूनच पाढा म्हणायला सुरुवात केली. एकदाही न अडखळता तिने तो पुरा केला.

साहेब खूश झाले. त्यांनी तिला जवळ बोलावले, हातात खडू दिला आणि माझ्यावर तिचे नाव लिहायला सांगितले.

तिने लिहिले. साहेबांनी ते वाचले, मग पुन्हा वाचले. त्यांचा चेहरा बदलला. असल्या मुलांची नावे पटावर ठेवून शाळेचा निकाल कशाला बिघडवता, असे त्यांनी मास्तरांना विचारले. आत्ताच ऐकलेला पाढा ते विसरूनही गेले होते. संध्याकाळच्या आत सुंदराचे नाव कमी झाले.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई आली. मास्तर तिला म्हणाले, "बाई, काही मुलं दगड असतात. त्याला आम्ही काय करणार?"

"पाटी पन दगडाचीच हाय ना, मास्तर?" अंबूबाई म्हणाली. "तिच्यावर लिवताच ना तुमी?"

मास्तर वर्गाकडे वळले आणि हजेरी घेऊ लागले. सुंदराचे नाव पुन्हा लागले नाही.

सुंदराचे लग्न झाले, तेही त्याच गावात. स्वातंत्र्य आल्यावर काही वर्षांनी ती आपल्या मुलीचा, कमळचा हात धरून शाळेत आली. मास्तर नवे होते. पण फोक निरगुडीचाच होता, आणि कमळच्याही पाटीवर 'घ' चा 'ध' होऊ लागला. पोरीची बोटे सुजलेली पाहिली त्या सकाळी सुंदरा शाळेत आली आणि पडवीत बसली.

"हिला मारायचं नाय," ती मास्तरांना म्हणाली. "हिला अक्षरं हलताना दिसतात. मलाबी दिसायची."

मास्तरांनी तिला घरी जायला सांगितले. ती गेली नाही. भाताची लावणी, घरची कामे उरकून ती रोज येई आणि दाराशी बसे. तिच्या डोळ्यांदेखत मास्तरांचा हात उठेना. मार थांबला. शिकवणे मात्र सुरू झाले नाही. कमळला मागे बसवले आणि तिच्याशी कोणी बोलेनासे झाले. अक्षरे हलणाऱ्या मुलांना कसे शिकवायचे हे मास्तरांना ठाऊक नव्हते, आणि ते शोधावे असे वरच्या कुणालाही वाटले नाही.

आता माझ्या जागी नवा फळा आला आहे. मी पडवीत पडून असतो. शेळ्या मला अंग घासतात. माझी निगा राखा असे मी तुम्हाला सांगणार नाही. लाकूड आहे, एक दिवस चुलीत जाईन.

पण मित्रांनो, तुमच्या वर्गात मागे एखादे मूल बसलेले असेल. ते चुकले की हसू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा, "तुला कसं दिसतं?" इतकी वर्षे मी त्या भिंतीवर होतो. एकाही मोठ्या माणसाने हे विचारलेले मी ऐकले नाही.