पुकारल्याशिवाय बटण नाही

आमच्या कॉम्प्युटर जुळणीच्या दुकानात एक नियम आहे. सेन्सरची तार बनवली की एकानं मीटर लावून ती तपासायची आणि दुसऱ्यानं कागदावरून एकेक पिन पुकारायची. प्रत्येक पुकाऱ्याला मीटर वाजून ‘आहे’ असं उत्तर आल्याशिवाय कॉम्प्युटर चालू करायचा नाही. सिकंदराबादच्या या बाजारात एवढं सोवळं दुसरं कुणी पाळत नाही, आणि मला त्याचा अभिमान होता. तो आठवड्यापूर्वी उतरला. ‘वहिनीपण काम करतात का?’ असं एका गिऱ्हाइकानं विचारलं, तेव्हा आमचे हे, सांबशिवराव, हसून म्हणाले, “छे, ती फक्त स्क्रू हातात देते.”

अकरा वर्षं मी तारा सोलतेय. त्या दिवसापासून मी तोंडात मिठाची गुळणी धरली. काही सांगायचंच झालं तर खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून पुढं सरकवायची. दुपारचा दहीभात आणि वर आवकाय लोणच्याची फोड मात्र वेळेवर त्यांच्यापुढं ठेवत होते. नवऱ्याला उपाशी ठेवण्याइतका माझा राग मोठा नव्हता.

शनिवारी यादगिरी त्याचा कॉम्प्युटर न्यायला आला. इमारतींची चित्रं काढून तो घर चालवतो. त्याला आत पाणी फिरवून यंत्र थंड ठेवायचं होतं, आणि हौस अशी की प्रत्येक तार काळ्या आवरणात हवी. त्यामुळे लाल कुठली नि काळी कुठली, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. तापमानाच्या सेन्सरला दोनच तारा, कशाही जोडा. पण पाणी वाहतंय का ते सांगणाऱ्याला तीन असतात. त्या उलट्या लागल्या तर तो जळतो, आणि सोबत बोर्डही जाऊ शकतो.

ती तार ह्यांनी आदल्या दिवशी एकट्यानं बनवली होती. मी समोरच स्टुलावर होते, पण मला बोलवायला ह्यांची जीभ रेटली नाही. आता प्लग लावून ह्यांनी बटणाकडे हात नेला. जळू दे, मला वाटलं. कळू दे एकदा स्क्रू देणारीची किंमत. पण हात बटणाशी जाऊन थांबला, आणि ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. चुकलेल्या माणसाचा तो चेहरा बघून माझा जीव गलबलला.

“अहो, थांबा,” मी म्हणाले. “प्लग काढा. पुकारते मी.”

ह्यांनी मीटर घेतला. मी कागद धरला.

“पिन एक, ग्राउंड.”

मीटर वाजलाच नाही. ह्यांनी टोक सरकवत तिसऱ्या पिनवर नेलं, तेव्हा वाजला. ग्राउंडच्या जागी पाच व्होल्टची तार बसली होती.

“तीनदा मोजली होती गं,” हे हळूच म्हणाले. “तिन्ही वेळा उलट्या बाजूनं.”

पिना काढून आम्ही पुन्हा बसवल्या. मी पुकारलं, मीटर वाजला, ह्यांनी तीनदा ‘आहे’ म्हटलं. मग ह्यांनी बटण दाबलं. पाणी फिरलं, पडद्यावर प्रवाहाचा आकडा उमटला. यादगिरी म्हणाला, अण्णा, तुम्ही होतात म्हणून वाचलो.

“तुझ्या वहिनीनं वाचवलं,” हे म्हणाले. “कारागीर ती आहे. मी फक्त स्क्रू हातात देतो.”

मी पेचकस उचलला आणि तळहात पुढं केला. कॉम्प्युटरच्या बाजूच्या झाकणाला चार स्क्रू लागतात. ह्यांनी ते एकेक करून माझ्या हातावर ठेवले.