बसलेल्या बांधाचा दर

पेणच्या कचेरीत त्या दिवशी टेंडरची तीन पाकिटं फुटली. शेवटचं माझं होतं. कारकुनाने मोठ्याने वाचलं, "कान्हू राघो, एकतीस रुपये घनमीटर," आणि जगनशेठ खुर्चीत मागे रेलून हसला. त्याचा दर चोवीस होता, मधल्याचा सव्वीस. कारकुनाने तक्त्यात तिन्ही आकडे एकाखाली एक मांडले, चोवीसभोवती लाल गोल काढला, झालं. गेल्या आषाढात भरतीने आमच्या खारीचा, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीचा, बांध फोडला होता, सगळ्या गावाचं भात खाऱ्या पाण्यात गेलं होतं. बांधाला पडलेली ती खांड कोण बुजवणार, ते अर्ध्या तासात ठरलं.

मला हिशेब येत नाही असं कुणी समजू नये. खाडीच्या चिखलाचा बांध घातला की तो बसतो. एक मोठं उधाण अंगावर घेतलं की तीन हातांचा दोन हात होतो. म्हणून आमच्याकडे नवा बांध कुणी मोजतच नाही. उधाण येऊन जाऊ द्यायचं, मग टेप धरायची. माझ्या बापाने असंच मोजलं, त्याच्या बापानेही. मी दर लावला तो बसलेल्या बांधाचा, आणि फॉर्मवर तसं लिहिलं नाही. कशाला लिहीन? भात शिजवून खातो, असं कुणी लिहून देतं का?

जगनशेठ रस्त्यांचा ठेकेदार. त्याने दर लावला तो ओतलेल्या चिखलाचा. सहा हजार घनमीटर बांध उभा राहायला हवा, तर नऊ हजार ओतायला लागतो. त्याच्या दराने ते दोन लाख सोळा हजार होतात, माझ्या दराने एक लाख शहाऐंशी. स्वस्त मी होतो! पण सरकारी खातं ओतलेले सहा हजारच मोजून घेणार, आणि उधाणानंतर त्याचे चार हजारच उरणार. कारकुनाला हे सगळं समजावलं. तो म्हणाला, "हे लिहिलंय कुठे?"

मग मी दरांच्या तुलनेवर हरकत घेतली, लेखी. हरकतीचा निकाल लागेपर्यंत कुणालाच काम सुरू करता येत नाही, हे मला अर्ज दिल्यावर कळलं. आधी कळलं असतं तरी दिला असता, तेही खरं.

माघ गेला, फाल्गुन गेला. खांड तशीच उघडी. गाव आधी माझ्याकडे बघून हसायचं, मग नुसतं बघायला लागलं. सगुणा, माझी बायको, दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून मोरूदादाची, म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको ठमाबाई रोज दुपारी भाकर पाठवायची. होळीनंतर भाकर यायची थांबली. एकदा विहिरीवर दिसली तर मी म्हटलं, "काय गो वहिनी, रागावलीस?" तिने हंडा उचलला आणि गेली. त्या दिवसापासून मी स्वतः भाकरी थापायला लागलो. एकट्याला दोन पुरतात आणि त्यातली एक शिळी होते.

सुनावणी रोह्याला लागली, मोठ्या साहेबांसमोर. पत्रात लिहिलं होतं, गावच्या मोजणीच्या रिवाजाला एक साक्षीदार आणावा. मी मोरूदादाकडे गेलो. बांधाचं त्याच्याइतकं आमच्यात कुणाला कळत नाही.

"दादा, बांध बसल्यावर मोजायचा, एवढंच सांगायचं हाय."

"मला ठावं हाय." तो सुपारी कातरत होता. "पन सांगनार नाय. तू जिकलास तर पुन्ना टेंडर. म्हंजे काम दिवाळीनंतर. या साली पन गावानं खारं पानी प्यायचं काय?"

"जगनशेठचा बांध टिकनार नाय, दादा."

"नसंल टिकत. पन नसल्यापेक्षा बरा."

सगळ्या घरांतून हेच उत्तर मिळालं. खरं सगळ्यांना माहीत होतं. ते बोलायला कुणी तयार नव्हतं, एवढंच. चैत्रात एका सकाळी जित्याच्या स्टेशनात एकटाच गाडीत बसलो. पूर्ण डब्यात माझ्याशी बोलेल असं कुणी नव्हतं आणि मला त्याचं वाईट वाटत होतं. चांगलंच वाईट वाटत होतं.

साहेब मात्र माणूस बरा निघाला. त्याने माझं सगळं ऐकलं, कागदावर स्वतः गुणाकार केला, मग पेन खाली ठेवलं. "तुमचं म्हणणं बरोबर आहे, कान्हूभाऊ. दर एकाच मापाने तोलायला हवे होते. मी तसा निकाल देऊ शकतो. मग हे टेंडर रद्द होईल, नवं ऑक्टोबरात निघेल. नाहीतर तुम्ही हरकत मागे घ्या, उद्या काम सुरू होईल."

"साहेब, ह्याच कामाला एक ओळ टाका ना. मोजणी उधाणानंतर. ठेका त्यांचाच ठेवा."

"दर उघडल्यावर अट बदलता येत नाही."

बाजूला जगनशेठ घड्याळ बघत होता. मी खिडकीबाहेर बघितलं. कुंडलिका नदीत ओहोटी होती. मला मोरूदादाची सुपारी कातरणारी बोटं आठवली. बरोबर आहे असं मला साहेबाने तोंडावर सांगितलं होतं. तेवढं घेऊन मी हरकत मागे घेतली. सही केली ती रागातच.

परतीची गाडी चुकली होती. जगनशेठ म्हणाला, "बसा जीपमध्ये, पेणलाच चाललोय." नको म्हणायला हवं होतं, पण पाय दमले होते. वाटेत कोलाडला त्याने चहा पाजला. तिथेच आमच्या गावचा पोपट वाल विकायला आलेला. त्याने आमच्याकडे बघितलं, चहाकडे बघितलं आणि ओळख न दाखवता निघून गेला.

मी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. कान्हूने जगनशेठकडून घेतलं आणि हरकत सोडली. किती घेतलं, याचे आकडे आळीआळीत वेगळे. मोरूदादाला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "असंल." बस्स, तेवढंच.

वैशाख संपायच्या आत बांध उभा राहिला. मापात चोख, सहा हजार. बिलही झालं. ज्येष्ठाच्या पुनवेआधी दोन दिवस भरती चढायला लागली आणि बांध बसायला लागला. पुनवेच्या सकाळी पाणी माथ्यापासून वीतभर खाली होतं, अजून चढत होतं. आरोळी झाली तशी सगळं गाव धावलं. मीही फावडं घेऊन धावलो.

बांधावर रांग लागली. खालून चिखल कापायचा, हातोहात वर द्यायचा, माथ्यावर थापायचा. मोरूदादा आणि गावातला जनू यांच्यामध्ये जागा होती. मी तिथे जाऊन उभा राहिलो, फावडं रोवलं आणि हात पुढे केले.

मोरूदादाने खालून आलेला चिखल घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. कमरेत वाकून, माझ्या छातीसमोरून हात लांब करून तो जनूच्या हातात दिला. दुसराही तसाच. तिसऱ्या वेळी त्याचं कोपर मला लागलं आणि तो हळूच म्हणाला, "बाजूस व्हय, कान्हू. काम अडतंय."

मी बाजूला झालो. रांगेतली ती जागा लगेच भरली.

दुपारपर्यंत भरती उतरली. खार वाचली. लोक दमून बांधावरच बसले, कुणीतरी गुळाचं पाणी आणलं. मी लांब टोकाला होतो. खिशात टेप होती, ती काढली आणि जिथे चिखल चढवला नव्हता तिथे बांध मोजला. तीन हातांचा दोन हात झाला होता, बोटभरही फरक नव्हता. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं.

तिकडे गुळाचं पाणी संपत आलं होतं. मी टेप गुंडाळली आणि घरी भाकरी थापायला गेलो.