काचेच्या आतलं

फोन वाजला तेव्हा फिटरचे दोन्ही हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात होते. उजव्या हातात शेवाळ खरवडायची पट्टी होती आणि डाव्या हाताने तो सारखा मध्ये येणाऱ्या नारिंगी माशाला बाजूला सारत होता. फोन टेबलावर वाजत राहिला आणि थांबला. दवाखान्यातून मुलगी असेल, डबा कधी आणताय विचारत असेल, असं त्याला वाटलं. कोपऱ्यातला एक हिरवा डाग राहिला होता. तो त्याने आधी काढला, मग हात पुसले आणि फोन लावला.

"बाबा, या तुम्ही," मुलगी म्हणाली.

"निघतोच आहे. काच झाली पुसून, सांग आईला."

मग मुलीने श्वास घेतल्याचा आवाज आला, आणि त्याला कळलं.

दवाखान्यात सही करताना त्याने आपले हात पाहिले. पाणी वाळून दोन्ही हातांवर, केसांच्या मुळाशी, पांढरट थर धरला होता. तो धुवायला हवा होता. त्या दिवशी त्याने तो धुतला नाही.

त्याला सगळे फिटरच म्हणत. नळ, पंप, गीझर, टाक्या, यांतच त्याचं आयुष्य गेलं. बायकोसुद्धा चारचौघांत 'आमचे फिटर' म्हणायची. बैठकीच्या खोलीतली ती समुद्राची टाकी दोघांची होती, पण वाटणी पक्की होती. पंप, पाइप, खालची गाळणी, दिव्याचा स्टँड हे त्याचं. मासे, दगड, प्रवाळ हे तिचं.

"अहो, काचेच्या बाहेरचं तुमचं, आतलं माझं," ती सांगायची. "तुमच्या हाताला ग्रीस असतं. माझी पोरं मरतील."

तो हात धुऊन यायचा.

"साबण लावलात? मग तर मुळीच नको."

एवढ्या वर्षांत तिने त्याला आत हात घालू दिला तो शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यातल्या खाटेवरून. काच पुसा, म्हणाली, माशांना बाहेरचं दिसत नसेल. बाकीचं घरी आल्यावर सांगते.

टाकीच्या मधोमध तिचं सगळ्यात जुनं प्रवाळ होतं. दगडी फांद्या, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला हिरव्या, मऊ बोटांचा झुपका. पंप चालू असला की ती बोटं दिवसभर डोलत राहायची. दिसायला अशी साधी, पण शेजारी दुसरं काही ठेवलं की लांब तंतू काढून त्याला डंख मारायची. दोन-तीन प्रवाळं अशी गेल्यावर बायकोने त्या हिरव्या प्रवाळाचं नाव सासूबाई ठेवलं.

"माझ्या आईला नावं ठेवतेस?" त्याने विचारलं होतं.

"नावं कुठे ठेवतेय? एकच ठेवलं."

तो रागावल्यासारखा दिसला होता. मग स्वयंपाकघरात जाऊन हसून आला होता.

बायकोचे दिवस झाल्यावर परत जाताना मुलीने विषय काढला. ती बॅग भरत होती आणि तो टाकीसमोरच्या खुर्चीत बसला होता.

"बाबा, कोणाला तरी देऊन टाका ही टाकी. त्या शोभेच्या माशांच्या दुकानवाल्या ताई घेतील. तुम्हाला नाही झेपायची."

"पंप मीच बसवलाय."

"पंपाचं नाही म्हणत मी. आतलं कोण बघणार?"

"बघीन."

"आईचं एकेक मरताना तुम्ही बघत बसणार, आणि मी तिकडे फोनवर ऐकणार. मला नाही सहन होणार ते."

"नाही मरणार."

मुलगी चेन ओढता ओढता थांबली. "बरं. पण एक जरी गेलं ना, तर मी ताईंना फोन करणार. कबूल?"

त्याने मान हलवली. ती गेल्यावर त्याने हत्यारांची पेटी काढली.

बायको रोज सकाळी तांब्याने टाकीत पाणी घालायची, एवढं त्याने पाहिलं होतं. दिव्याच्या उष्णतेने पाणी उडायचं, पातळी खाली यायची, आणि काचेवर चिकटवलेल्या पट्टीपर्यंत ती ते भरायची. हे रोजचं काम माणसाने करायचं म्हणजे कधीतरी चुकणार. फिटरने खालच्या गाळणीच्या डब्यात एक छोटा फ्लोट व्हॉल्व्ह बसवला, गच्चीवरच्या टाकीत असतो तसाच, मुठीएवढा. पातळी जरा उतरली की फ्लोट खाली यायचा आणि ड्रममधून पाणी आपोआप सुटायचं. बाल्कनीत दोन ड्रम होते. निळ्या झाकणाच्या ड्रममध्ये ती मीठ कालवून समुद्राचं पाणी करून ठेवायची. पांढऱ्या झाकणाच्या ड्रममध्ये नुसतं गाळलेलं गोडं पाणी असायचं, ते त्याच्या मते भांडीकुंडी धुवायला. समुद्रात समुद्राचंच पाणी जाणार, यात विचारण्यासारखं काय होतं? त्याने पाइप निळ्या ड्रमला जोडला, सांध्याला टेप गुंडाळली, आणि ठिबकतंय का ते बराच वेळ बघत बसला.

ठिबकत नव्हतं. काम सुरेख झालं होतं. पातळी पट्टीला धरून उभी राहिली, केसभरही हलली नाही. निळा ड्रम रिकामा होत आला की तो पिशवीवर लिहिलेल्या मापाने मीठ कालवून पुन्हा भरायचा. मुलीचा फोन आला की तो अभिमानाने सांगायचा, "पट्टीला पाणी आहे."

सासूबाईंची बोटं आधी आखडली. उन्हाळ्यामुळे असेल, असं त्याला वाटलं. मग एका फांदीचा झुपका उघडेनासा झाला. मग तो मऊ भाग सुटून पाण्यात तरंगायला लागला, आणि खाली नुसतं पांढरं हाड राहिलं. त्याने पंप तपासला. दिवा तपासला. काचेच्या बाहेरचं सगळं व्यवस्थित होतं. आठवडाभरात उरलेल्या फांद्यांचंही तेच झालं, तेव्हा त्याने बाटलीत टाकीतलं पाणी घेतलं आणि दुकान गाठलं.

दुकानवाली ताई त्याच्या मुलीच्याच वयाची होती. तिने थेंबभर पाणी खारेपणा मोजायच्या एका लहान दुर्बिणीच्या काचेवर सोडलं आणि ती उजेडाकडे धरून पाहिलं. मग काच पुसून पुन्हा पाहिलं.

"काका, एवढा खारट तर समुद्रही नसतो. रोजचं पाणी कोणतं घालताय?"

"निळ्या ड्रममधलं."

"खारं?"

"मग? समुद्र आहे ना तो?"

ताईने दुर्बीण खाली ठेवली. "काका, उडून जातं ते फक्त पाणी. मीठ कुठे उडतं? ते आतच राहतं. रोजच्या भरतीला गोडंच पाणी घालायचं. खारं फक्त पाणी बदलताना."

फिटर काउंटरला हात टेकून उभा राहिला. गीझर उघडून त्यांच्या कॉइलवरचा पांढरा थर त्याने आयुष्यभर खरवडला होता. पाणी जातं आणि हे मागे राहतं, बाई, असं त्याने किती घरांत समजावून सांगितलं असेल. दवाखान्यात आपल्याच हातांवर तो थर त्याने पाहिला होता.

"मी तर मशीनच बसवलं," तो म्हणाला. "एक दिवस चुकलो नाही."

ताई हसली नाही. "मासे जिवंत आहेत ना? मग ऐका. घाईने गोडं पाणी ओतलंत तर तेही जातील. रोज थोडं खारं काढायचं, तेवढंच गोडं घालायचं. सावकाश. आणि हिरवी..."

"गेली."

"सगळी?"

"सगळी."

तिने दुर्बिणीची काच पुन्हा पुसली. दुकानाच्या मागे कुठेतरी हवेचा पंप घुरघुरत होता.

"तुला मुलीचा फोन येईल," फिटर म्हणाला. "टाकी घेऊन जा म्हणेल. शब्द दिलाय मी."

"फोन आला की बघू," ताई म्हणाली. "आधी पाणी सरळ करा. रोज बाटली घेऊन या."

तो रोज गेला. पाइप त्याने निळ्या ड्रमवरून काढून पांढऱ्याला जोडला आणि निळ्याच्या तोंडाला डमीचं बूच ठोकून टाकलं. मासे जगले. दगडांवरचे जिवंत जांभळे डागही टिकले. सासूबाईंचा सांगाडा मात्र मधोमध तसाच उभा होता. तो काढायला त्याचा हात होत नव्हता. मुलीला त्याने फोनवर खरं ते सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. "रविवारी येते," एवढंच म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. बाहेर एक अनोळखी, टक्कल पडलेला गृहस्थ उभा होता. छातीशी धरलेल्या प्लास्टिकच्या डब्यावर त्याने टॉवेल गुंडाळला होता.

"फिटर आपणच ना? सासूबाईंना घेऊन आलोय."

फिटर दारातच उभा राहिला.

"आत येऊ का? पाणी गार होतंय."

गृहस्थ दातांचा डॉक्टर होता. त्याने टेबलावर डबा ठेवून टॉवेल उलगडला. पाण्यात एक आखूड फांदी होती आणि तिच्या टोकाला मिटलेला हिरवा झुपका.

"दुकानातून निरोप आला, की मूळ घरची गेली. म्हटलं, आपणच पोचवावी. माझ्या दवाखान्यात असते ही. पेशंट हिच्याकडे बघत बसतात. दात उपटून झाला तरी उठत नाहीत."

फिटरने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "तिने दिली होती तुम्हाला? कधी भेटली होती? मला काही बोलली नाही."

डॉक्टरने मान हलवली. "मी त्यांना कधी पाहिलं नाही हो. मला एका बँकेतल्या बाईंनी दिली. त्यांना कोणी दिली, कोण जाणे. पण अटी सांगितल्या होत्या. फुकट घ्यायची. वाढली की एक फांदी पुढे द्यायची. आणि नाव बदलायचं नाही."

"नाव?"

"हो ना. मी विचारलं, सासूबाई का? बँकेतल्या बाई म्हणाल्या, का ते माहीत नाही, पण तशी अट आहे." डॉक्टर जरा वाकला. "का हो? तुम्हाला माहीत असेल."

फिटरने सांगितलं. डंखाचं सांगितलं, आईचं सांगितलं, 'एकच ठेवलं' हेही सांगितलं. डॉक्टर इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला, आणि हसता हसता फिटरच्या लक्षात आलं की आपणही हसतो आहोत, स्वयंपाकघरात न जाता.

"गावात अजून किती असतील?" त्याने विचारलं.

"कोण मोजतंय? मीच चौघांना दिल्यात."

मग फिटरने बाह्या वर केल्या. नुसत्या पाण्याने हात धुतले. आत हात घालून त्याने सांगाडा हलवला, तो दगडावरून सहज सुटला. बाहेर काढून त्याने तो वर्तमानपत्रावर ठेवला. डॉक्टरने सोबत आणलेली गमची ट्यूब पिळून फांदीच्या बुडाला गोळा लावून दिला.

"दात बसवण्यासारखंच आहे," तो म्हणाला. "दाबून धरा आणि बोलू नका."

फिटरने फांदी दगडावर दाबून धरली. नारिंगी मासा येऊन त्याच्या मनगटाला टोचू लागला. त्याने या वेळी त्याला बाजूला सारलं नाही.

डॉक्टरला सोडायला तो जिन्यापर्यंत गेला. "दवाखान्यात नळ, बेसिन, काही असलं तर मला बोलवा," असं दोनदा सांगितलं. खरं तर त्याला दुसरंच काही म्हणायचं होतं. डॉक्टरने पायरीवरून वळून हात वर केला.

रविवारी मुलगी आली तेव्हा झुपका अर्धा उघडला होता. तिने खुर्ची ओढली आणि काचेला नाक लावून बसली. ताईंना फोन करण्याचा विषय तिने काढला नाही. त्यानेही काढला नाही.

वर्ष उलटलं. फांदीला आता तीन तोंडं फुटली आहेत, आणि फ्लोट पांढऱ्या ड्रमवर बिनतक्रार चालतो. दातांच्या दवाखान्यातलं बेसिन फिटरने बदलून दिलं. गेल्या महिन्यात मुलीने सांगितलं की तिनेही एक लहान टाकी घेतली आहे.

"बाबा, मला पण एक फांदी हवी. पण नाव मी बदलणार हं. आमच्याकडे खऱ्या आहेत घरात, दिवसभर हॉलमध्येच बसतात."

"नाव बदलायचं नाही."

"अहो बाबा!"

"अट आहे ती. मी नाही केलेली."

फांद्या कापायची बायकोची पक्कड खणात होती. त्याने ती काढली, पुसली, पात्याला धार आहे का पाहिलं. बाहेरची फांदी कापायची, आतली नाही, हे दुकानवालीने दाखवून दिलं आहे. मुलगी येत्या रविवारी डबा आणि टॉवेल घेऊन येणार आहे. पक्कड टाकीच्या कडेवर ठेवलेली आहे.

फांदी अजून कापायची राहिली आहे.