अठ्ठ्याहत्तर इंच आणि वर दोन

१ टाचणी

वहिनींचं शिलाई मशीन नऊ वर्षं जेवणाच्या टेबलावर राहत होतं, आणि दिवसातून तीनदा त्याची तिथून हकालपट्टी होत होती. कुणी ताटं घेऊन आलं की वहिनींनी अर्धवट शिवलेला शर्ट सुईखालून सोडवायचा, मशीन छातीशी धरून खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवायचं, कापडं खुर्चीवर, खडू खिशात. टाचण्या वेचायच्या. जेवणं उरकली की सगळं परत.

एक दिवस त्यातली एक टाचणी भाजीत निघाली. सासऱ्यांनी ती दातांतून काढली, पुसली, ताटाच्या कडेला ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "सूनबाई, ही तुझी."

त्या संध्याकाळी वहिनींनी गॅरेज मागितलं.

पंचाईत अशी, की त्याच आठवड्यात धाकट्या दिरांनीही गॅरेज मागितलं होतं. त्यांनी जुनी मोटार घेतली होती. ती झाडाखाली उभी राहायची आणि झाडावरचे पक्षी तिच्यावर रोज आपलं मत नोंदवून जायचे.

"वहिनी, मशीन काय, कुठंही बसतं," दीर म्हणाले.

"भाऊजी, गाडीसुद्धा कुठंही उभी राहते. राहतेच आहे की."

वहिनींच्या नवऱ्याला विचारलं, तर त्याला तेवढ्यात पाण्याची टाकी भरली का ते बघायचं आठवलं. तो गच्चीवर गेला आणि बराच वेळ आला नाही.

१४ डबे, १ दार

गॅरेजमध्ये तेव्हा काय होतं?

रंगाचे चौदा डबे, पैकी बारांची झाकणं कायमची बसलेली. एक गादी. दोन सायकली. पंखे, पात्यांशिवाय. पाती, पंख्यांशिवाय. दोघा भावांची पहिलीपासूनची वह्यापुस्तकं. एक दार, जे या घरातल्या कुठल्याच चौकटीचं नव्हतं. आणि सासऱ्यांची लोखंडी वजनं. सासरे तीस वर्षं ट्रकांच्या वजनकाट्यावर होते. निवृत्त होताना लोकांना घड्याळ मिळतं, यांनी वजनं मागून घेतली होती.

फरशी होती म्हणे. पण ती कुठल्या रंगाची यावर घरात दोन मतं होती.

सासऱ्यांनी निकाल काट्यावरच्या आवाजातच दिला. "रविवारी दुपारी चार वाजता मी खाली येईन. सामान सगळं असलं पाहिजे, एक खिळासुद्धा फेकायचा नाही. आणि फरशी दिसली पाहिजे. दिसली, तर गॅरेज सूनबाईचं. नाही दिसली, तर धाकटा भंगारवाल्याला बोलावेल आणि गाडी लावेल."

"बाबा, तुमची वजनंही भंगारात?" वहिनींनी विचारलं.

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "निकाल म्हणजे निकाल."

२०० किलो, आरामात

सामान भिंतीला लावायचं तर मांडणी हवी. तीही लोखंडी वजनं पेलेल इतकी दणकट.

दुकानात तयार मांडण्या होत्या. चार खांब, पत्र्याच्या फळ्या, नट-बोल्ट, आणि शेजारी एक अत्यंत आत्मविश्वासू दुकानदार. "एकेका फळीवर दोनशे किलो, ताई. आरामात."

वहिनींनी खांब दोन बोटांत धरला आणि शर्टाची कॉलर तपासतात तसा जरासा पिळला. खांब पिळला गेला. अख्खी मांडणी गुडघ्यात वाकल्यासारखी एका बाजूला झुकली.

"दोनशे किलो कशाचे? कापसाचे?"

"ताई, ती नुसती शोला उभी केलीय."

"कापड असतं ना, तर याला मी अस्तर लावा म्हटलं असतं," वहिनी म्हणाल्या आणि वेल्डरकडे गेल्या.

वेल्डर त्यांचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या सगळ्या पँटी ठिणग्यांनी चाळण झालेल्या असायच्या आणि वहिनी त्यांना ठिगळं लावायच्या. दोघांना एकमेकांचं काम कळत होतं. दीड इंची लोखंडी अँगलचा सांगाडा, चार थर, प्रत्येक थरावर जाड प्लायच्या तीन सुट्या फळ्या. मागच्या बाजूला दोन पट्ट्या, एकमेकींना छेदून तिरप्या मारलेल्या.

"त्या तिरप्या पट्ट्या विसरू नका हं," वहिनी म्हणाल्या. "खिशाच्या कोपऱ्यात दुहेरी टीप मारतात ना, तसलं काम आहे ते. तिथंच फाटतं."

"बाई, मला वेल्डिंग शिकवताय?"

"शिकवत नाही. सांगून ठेवतेय."

"बरं, मीही सांगून ठेवतो. हे नट-बोल्ट नाही. एकदा जोडलं की सुटायचं नाही."

"न सुटणारंच हवंय मला."

जागा वहिनींनी आधीच हेरली होती. भिंत आणि खांब यांच्यामधली खोबण. तिथं मांडणी चपखल बसली की समोरची खिडकी मोकळी, आणि खिडकीखाली मशीन. त्यांनी गळ्यातली टेप काढली, खोबण मापली, आकडा चिठ्ठीवर लिहिला आणि वेल्डरला दिला.

८० इंच

रविवार, सकाळी अकरा. गॅरेजमधलं सामान बाहेर काढून ठेवलं होतं. टेम्पोतून मांडणी उतरली. वेल्डर, त्याचा जोडीदार, नवरा आणि दीर, चौघांनी उचलली.

"डावीकडं घ्या."

"कुणाच्या डावीकडं?"

"माझ्या!"

"माझा पाय! माझा पाय आहे तिथं!"

"आता ढकला."

"ढकलतोय."

"मग जात का नाही?"

"भाऊजी, तुम्ही ढकलताय की टेकलाय?"

"वहिनी, मी पूर्ण जोर लावतोय. हवं तर तुम्ही या."

मांडणी जाईना. एक कड आत, दुसरी खांबावर आपटून बाहेर. वेल्डरनं स्वतःची पोलादी टेप काढली. खोबण अठ्ठ्याहत्तर इंच. मांडणी ऐंशी.



वहिनींना त्याच क्षणी कळलं. माप घेतलं होतं अठ्ठ्याहत्तर, बरोबर. लिहिताना हातानं दोन वाढवले होते. एक इंच या बाजूला, एक त्या बाजूला. शिलाईसाठी. पंचवीस वर्षं हा हात प्रत्येक मापाला हेच करत आला होता, डोक्याला न विचारता. गिऱ्हाईकाची छाती असो, खिडकीचा पडदा असो, उशी असो. आणि आता लोखंड.

"अरे, एवढा कामाचा माणूस तू आणि दोन इंच चुकलास?" आरडाओरडा ऐकून खाली आलेले सासरे वेल्डरवर घसरले. तीस वर्षं वजनात खोट पकडलेला माणूस तो, मापातली कशी सोडणार?

"चिठ्ठीवर जे होतं तेच केलं, काका."

"आण चिठ्ठी."

वेल्डरनं खिसे चाचपले. एका खिशातून करपलेला कागदाचा तुकडा निघाला. आकड्याच्या जागी ठिणगीनं पाडलेलं भोक होतं.

दिरांनी हसू दाबलं. सासरे वहिनींकडं वळले. "सूनबाई, यात तुझा काय दोष? चूक याची असेल तर तुला एक आठवडा वाढवून देतो. दुसरी करून देईल तो. फुकट."

किती सोपं होतं. तोंड बंद ठेवायचं, बस. एक आठवडा, नवी मांडणी, मोकळी खिडकी. वेल्डर जमिनीकडं बघत होता. त्याच्या पँटच्या गुडघ्यावर वहिनींनीच लावलेलं ठिगळ होतं, अगदी नवंकोरं.

"ऐंशी मी लिहिलं, बाबा," वहिनी म्हणाल्या. "शिलाईचे दोन इंच सोडले."



"लोखंडाला?" नवऱ्यानं विचारलं.

"हो. लोखंडाला."

दीर इतके हसले की त्यांना त्या बेवारशी दाराचा आधार घ्यावा लागला. "वहिनी, काज-बटणंही करून घ्यायची होती!"

सासरे हसले नाहीत. "मग आठवडा नाही. चार वाजता येतो," म्हणाले आणि जिना चढून गेले.

५ तास

(खरं तर साडेचारच. अर्धा तास दीर हसत होते.)

ऐंशी इंच मावतील अशी भिंत एकच होती. खिडकीची.

पण खिडकीपुढं मांडणी म्हणजे उजेड गेला. उजेड नाही तर काळ्यावर काळा धागा कसा दिसणार? पण दुसरा इलाज नव्हता. "घ्या तिकडंच," वहिनी म्हणाल्या. मांडणी सरकवली. तिला मागं पत्रा नव्हता, नुसत्या तिरप्या पट्ट्या, त्यामुळं खिडकी तिच्यातून दिसत राहिली. दुसऱ्या थरातून सगळ्यात जास्त.

वहिनींनी त्या थरावर हात ठेवला. हात कमरेच्या थोडा खाली टेकला. कोपर जिथं हवं तिथं आलं.

त्यांनी टेप काढली. जमिनीपासून एकोणतीस इंच. या वेळी त्यात काही मिळवलं नाही.

"अहो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "तळाची मधली फळी काढून घ्या."

"का?"

"माझे पाय कुठं जाणार?"

मग कामाला नुसता जोर चढला. डबे तळाला, दोन्ही बाजूंना. वह्यापुस्तकं तिसऱ्या थरावर. पंखे आणि पाती सगळ्यात वर, बऱ्याच वर्षांनी एकत्र. सायकली खुंटीला. दार मांडणीमागं, खिडकी सोडून. गादी गुंडाळून त्या खोबणीत उभी केली, तिथं ती अशी बसली की जणू तिच्यासाठीच बांधली होती. वजनं वहिनींनी स्वतः लावली, मोठ्यापासून लहानापर्यंत, तळफळीच्या डाव्या टोकाला.

मधोमध, दुसऱ्या थरावर, खिडकीच्या उजेडात, मशीन.

१ पेला

चार वाजता सासरे आले. फरशी राखाडी निघाली. त्यावर त्यांनी दोन फेऱ्या मारल्या.

"फरशी दिसतेय," ते म्हणाले.

"पण बाबा, मशीन मांडणीवर?" दीर पुढं सरसावले. "चालू केलं की सगळं थडथडणार. डबे डोक्यात पडतील वहिनींच्या. मग दवाखाना कुणाच्या गाडीतून? माझ्या. जी झाडाखाली उभी आहे."

मुद्दा बिनतोड होता. सासऱ्यांनी पेला मागवला. काठोकाठ पाण्यानं भरला, इतका की पाणी काठाच्या वर फुगून उभं राहिलं, आणि मशीनच्या शेजारी त्याच फळीवर ठेवला.

"चालव."

वहिनींनी पँटच्या जाड कापडाची चार पदरी घडी सुईखाली घेतली. पातळ कापडावर जिंकून काय उपयोग? त्यांनी पायाखालचं बटण पार दाबलं. मशीन गरजलं. तिरप्या पट्ट्यांनी दात आवळल्यासारखं वाटलं. वरच्या थरावर एक पातं किणकिणलं आणि गप्प झालं. दार, डबे, वह्या, दोनशे किलोंच्या पुढचा संसार, कुणी हललं नाही.

सासरे गुडघ्यावर बसून पेल्याकडं डोळे लावून होते. टीप संपली. वहिनींनी धागा तोडला. 

सासऱ्यांनी पेल्याखालून बोट फिरवलं. बोट कोरडं.

"गॅरेज सूनबाईचं," ते म्हणाले, पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकलं.

१२ तास

दीर मध्यभागी उभे राहून त्या मोकळ्या फरशीकडं बघत होते. फरशी लांब होती. रुंदही होती.

"वहिनी…"

"काय हो?"

"इथं तर गाडीही मावेल."

"मावेल की."

"मग?"

"मग काय? गॅरेज कुणाचं?"

"तुमचं," दीर म्हणाले. हा शब्द त्यांना बराच ताणून बाहेर काढावा लागला.

वहिनींनी गिऱ्हाईकाला तारीख देतात तसा जरा विचार केला. "रात्री नऊला आत. सकाळी नऊच्या आत बाहेर. नऊला माझी गिऱ्हाईकं येतात."

"रोज?"

"झाड मोकळंच आहे, भाऊजी."

पुढच्या रविवारी, नऊला पाच मिनिटं असताना, दिरांच्या खोलीचं दार वाजलं. एकदा, मग दोनदा, मग सतत. शेवटी ते उघडलं. दीर चादर पांघरूनच उभे होते, गालावर उशीची घडी उमटलेली.

"वहिनी, आज रविवार आहे हो!"

"गाडीला काय माहीत?" वहिनी म्हणाल्या आणि दाराशेजारी टांगलेली गाडीची किल्ली त्यांच्या हातात ठेवून जिना उतरून गेल्या. खाली एक बाई पडद्यांचं गाठोडं घेऊन आधीच उभी होती. दोन मिनिटांत तिनं गाठोडं बाजूला ठेवलं आणि हात हलवत ती चादरीतल्या माणसाला मोटार मागं घ्यायला मदत करू लागली. "येऊ द्या, येऊ द्या… अजून… बास!"