एका उडीचे तेरा आठवडे

मंगळवारी सकाळी मामांची पेन्सिल अकरा सेंटिमीटर होती आणि बुधवारी संध्याकाळी साडेनऊ. पुढे सोमवारपर्यंत ती एक मिलिमीटरही झिजली नाही. मामा चहाला गेले की मी पट्टी लावून बघायची. चोरून मोजणं मला शोभत नव्हतं, पण विचारलं तर उत्तर ठरलेलं असे, "होतंच आलंय."

आम्ही मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं काढतो. छापखाना माझ्या थोरल्या भावाचा, पुस्तकांची जबाबदारी माझी, चित्रं मामांची. ते आमच्यापैकी कुणाचेच मामा नाहीत, पण अख्खं ऑफिस त्यांना मामाच म्हणतं. बेडकाच्या पुस्तकात मधल्या दोन पानांवर एक उडी हवी होती. जमीन सोडल्यापासून पुन्हा टेकेपर्यंत, सहा चित्रांत. पाच झाली होती. टेकण्याचं सहावं अडलं होतं.

दर सोमवारी माझी बैठक असे. काम किती टक्के झालं ते प्रत्येकानं सांगायचं. पद्धत मीच आणलेली, आणि मला तिचं कौतुकही होतं. मामांचे आकडे मात्र विचित्र होते. ऐंशी, ऐंशी, पंच्याऐंशी आणि मग एकदम सत्तर.

"कमी कसं झालं, मामा?"

"पुढचे पाय चुकलेत हे कळलं ना. कळलं नसतं तर नव्वद म्हणालो असतो."

सगळे हसले. दादा नाही हसला.

"तायडे, अंड्याचा बेडूक व्हायला किती वेळ लागतो गं?"

"साधारण बारा आठवडे."

"यांच्या नुसत्या उडीला तेरा झाले. ते एक चित्र तयार मिळेल ते घे आणि लाव. शाळा उघडायच्या आत पुस्तक दुकानात पाहिजे."

"मग माझी पाचही काढा, मालक," मामा शांतपणे म्हणाले. "उडी एकाच बेडकाची असते."

"बघू," मी म्हणाले.

दोन महिने मी हे 'बघू'च म्हणत होते. दादाला वाटे ही आपलं ऐकणार, मामांना वाटे ही आपल्या बाजूची. मी कुणाचीच नव्हते.

दुपारी मी मामांच्या टेबलाशी गेले. त्यांनी न सांगता खण उघडला. वर रंगवलेले बेडूक होते, देखणे, पण डिंकानं चिकटवल्यासारखे जागच्या जागी. खाली पेन्सिलीचे कच्चे कागद होते. त्यांतल्या एकात पुढचे पाय कोपरात दबत अंगाचा सगळा भार झेलत होते. कागदाला हात लावला तर बेडूक हलेल असं वाटलं.

"हे मंगळवार-बुधवारचे," मामा म्हणाले. "वरचे सोमवारचे. दाखवायचे."

"आणि गुरुवारपासून काय करता?"

"सोमवारची तयारी. रिकाम्या हातानं कसं यायचं, बाई? रंग दिसला की आकडा बरा वाटतो तुम्हाला."

बसची वेळ सांगावी तितक्या सहज ते हे बोलले. माझा मात्र चेहरा उतरला असावा, कारण त्यांनी मला बसायला स्टूल दिलं. म्हणजे पेन्सिल थांबायची ती ब्रश धरायला, आणि ब्रश धरायचे ते माझ्यासाठी.

"सलग वेळ मिळाला तर किती दिवस लागतील?"

"ते कसं सांगू? सलग कधी मिळालाय?" मग माझीच समजूत घालत म्हणाले, "तुमचीही काही चूक नाही. विचारणारं कुणी असलं की बरं वाटतं. एकटा असतो तर मीही कंटाळलो असतो."

पुढच्या सोमवारी सगळे जमले. मामा काखेत नवा रंगवलेला बेडूक घेऊन आले आणि गृहपाठ आणलेल्या मुलासारखे बसले.

"काय, तयार चित्राचं सांगितलंस का?" दादानं विचारलं.

'बघू' अगदी ओठांवर आलं होतं. मामांनी घसा खाकरला. "या खेपेला बघा, पंच्याहत्तर..."

"मामा, आकडा नको," मी म्हणाले. "आज नको आणि यापुढेही नको. सोमवारची बैठक मी बंद करते आहे. उडी होईल तेव्हा तुम्हीच मला हाक मारा. आणि दादा, शाळा उघडतील तेव्हा हे पुस्तक दुकानात नसेल."