नुसतं धरायचं

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. दोर कसला, आता दोराचा एक पेड. ताग पिळून मला घडवले, तेव्हा मी मनगटाएवढा जाड आणि चांगला तीस हात लांब होतो. एका मोठ्या धुलाई कारखान्याने मला विकत घेतले, तेही वर्षातल्या एका दिवसासाठी. त्या दिवशी तिथे रस्सीखेच असे.

जिंकणाऱ्यांना वर्षभर विश्रांतीसाठी खिडकीची खोली मिळे. अकरा वर्षे ती हमालांकडेच होती. चादरी पिळून घड्या घालणाऱ्या बाया वाफेच्या यंत्रांमागे फरशीवर बसून डबा खात. त्यांच्या मुकादमबाईंना सगळे मावशी म्हणत. वाफेने मावशींना दमा जडला होता. खिडकी त्यांना हौसेसाठी नव्हे, श्वासासाठी हवी होती.

दोराला बाजू नसते. दोन्हीकडून ओढतात आणि आपण मुकाट ताणले जायचे. पण खरे सांगतो, माझे मन मावशींकडे होते. नुसत्या मनाचा उपयोग काय? दरवर्षी हमालांचा म्होरक्या एक हिसका देई आणि बाया तोंडावर आपटत.

त्या वर्षी मावशींनी बायांना सांगितले, "ओढायचं नाही. नुसतं धरायचं. ते दम घेतील तेव्हा सगळ्यांनी मिळून एक पाऊल मागे. चादर ताणतो ना, तसं."

दोन महिने जेवणाच्या सुट्टीत मला खांबाला बांधून त्यांनी सराव केला. एकदा माझ्यावरून हात फिरवत मावशी मला सांभाळणाऱ्या भांडारवाल्याला म्हणाल्या, "हा मधे ओला लागतोय. उन्हात टाका जरा."

"टाकतो हो. दोरच आहे, पळून जातोय थोडाच," तो म्हणाला.

त्याने काही मला उन्हात टाकले नाही. मी आतून कुजत चाललो होतो, आणि सांगायला मला तोंड नव्हते.

पहिली ओढ बायांनी जिंकली. हमालांना कळेचना काय झाले ते. दुसरी हमालांनी घेतली. तिसऱ्या ओढीत बाया पाऊल पाऊल मागे सरत होत्या, जिंकायला वीतभरच उरले होते. आणि मी तुटलो.

मला कुणी शिवी दिली नाही. तेच जास्त लागले.

"दोर नाही तर सामना नाही. खोली आहे त्यांच्याकडेच," पंच म्हणून उभ्या भांडारवाल्याने निकाल दिला.

मावशी धाप लागून खाली बसल्या होत्या. "चादरी आहेत ना," त्या म्हणाल्या.

म्होरक्या हसला. "चादरी तर चादरी. आणा मावशी, काय फरक पडतोय?"

तिथेच फसला बिचारा. बायांनी ओल्या चादरी पिळल्या, एकीला एक गाठ मारून जोडल्या आणि टोक हमालांच्या हाती दिले. पाठीवर गठ्ठे वाहणाऱ्यांना ओल्या पिळाची काय सवय? तो त्यांच्या मुठीतून सटकत राहिला. बायांचे हात रोज तेच धरत आलेले. मी बाजूला धुळीत पडून पाहत होतो. माझ्यावाचून त्या जिंकल्या. आनंद झाला आणि लाजही वाटली.

आता मी खिडकीच्या खोलीत असतो. खिडकीचे दार वाऱ्याने आपटते, म्हणून मावशींनी माझ्या धड भागाचा एक पेड सोडवून त्याला बांधला आहे. मित्रांनो, ज्याच्या भरवशावर जोर लावायचा, त्याच्यावरून आधी हात फिरवून बघा. आणि ओला लागला, तर त्याच दिवशी उन्हात टाका. त्याला स्वतःहून सांगता येत नाही.

दुपारी मावशी खिडकीशी बसतात आणि सावकाश श्वास घेतात. मी दार नुसता धरून असतो.