अँब्रोझ झोपला आहे

“गा,” लॉर्ड टेव्हर्नहॅम म्हणाले. “रोज गातेस तसंच. खाली आवाज गेला पाहिजे.”

उर्सुला पाळण्याशेजारी जमिनीवर बसली होती. मांडीवर तीन महिन्यांचा अँब्रोझ, दुपट्यात गुंडाळलेला, थंडगार. पाजायला उचललं तेव्हाच तिला कळलं होतं. ओरडणार तोच दारात सरकार उभे राहिले. लेकीच्या लग्नाचा मखमली अंगरखा अंगात, एका बाहीचे बंद अजून सुटेच. त्यांनी बाळाच्या नाकाशी बराच वेळ बोट धरलं. मग दार लावून घेतलं.

“सरकार, बाईसाहेबांना बोलावते.”

“नाही.”

“अहो, आई आहेत त्या त्याच्या!”

“आज नाही. मयत झालेल्या घरातून म्हातारा वेअरबी सून नेईल असं वाटतं तुला? त्याला निमित्तच हवंय. एकदा तारीख मोडून झालीय त्याची. आज फिलिपा गेली नाही, तर तिला परत कोण विचारणार?” त्यांचा आवाज चिरकला. “वऱ्हाड निघालं की मी स्वतः सांगेन तुझ्या बाईसाहेबांना. मीच सांगेन. तोवर तो झोपलाय. कळलं?”

उर्सुला त्यांच्याकडे बघतच राहिली. कालच या माणसाने पोराला खांद्यावर टाकून, पाहुण्यांना ‘नाक बघा, माझंच आहे’ म्हणत दिवाणखानाभर मिरवलं होतं.

हिवाळ्यात तिचा नवरा लाकूड तोडताना झाडाखाली सापडून गेला. ईस्टरच्या आधी तान्ही लेक गेली, आणि तिच्या वाट्याचं दूध अँब्रोझला मिळालं. या घराबाहेर आता तिचं कुणी नव्हतं. फिलिपाही तिच्याच अंगावर प्यायलेली. जिन्याखालून तिचं हसू ऐकू येत होतं. सकाळपासून पोरगी नुसती हसत होती.

उर्सुलाने पहिली ओळ म्हणायला घेतली. आवाजच फुटेना. दुसऱ्यांदा फुटला.

सरकार बाहीचे बंद बांधत खाली गेले. तिने अँब्रोझला पाळण्यात निजवलं.

चर्चच्या घंटा झाल्या, लग्न लागलं, लोक जेवायला परतले. स्वयंपाकघरातली टिबी ताट घेऊन वर आली.

“हंसाची तंगडी आणलीय बघ, चोरून. आणि बिअर. खा पोटभर, दूध यायला नको का? खाली तो म्हातारा वेअरबी काय हादडतोय! दात दोनच, पण थांबत नाहीत.” तिने पाळण्याकडे मान वळवली. “आणि हा? बहिणीच्या लग्नात झोपा काढतोय लबाड!”

“हळू बोल. उठेल.”

टिबी गेल्यावर तिने ताट खिडकीत ठेवलं आणि भिंतीला टेकून डोळे मिटले.

थोड्या वेळाने बाईसाहेब आल्या. रेशमी घागरा दोन्ही हातांनी उचललेला, चेहरा नाचून लाल झालेला.

“झोपला? आत्ता?”

“रात्रभर किरकिर होती, बाईसाहेब. आत्ता कुठे डोळा लागलाय.”

“घेऊ का जरा?”

“नका. परत रडायला लागला तर…”

बाईसाहेब उंबऱ्यातच थांबल्या. “बरं बाई. पण ते सगळे गेले की मी त्याला कुणाकडे देणार नाहीये हं. तुझ्याकडेसुद्धा नाही.” बोटं ओठांना लावून त्यांनी पाळण्याकडे हात केला आणि त्या धावतच खाली गेल्या.

दुपार कलली. अंगणात घोडे आले, वऱ्हाड निघायची वेळ झाली. उर्सुलाने खिडकीतून हळूच पाहिलं. फिलिपा घोड्यावर बसली होती, नवरदेव लगाम धरून. सुटले, असं उर्सुलाला वाटलं तोच फिलिपाने वर पाहिलं.

“दाई! अगं, अँब्रोझला दाखव ना! त्याला बघितल्याशिवाय मी नाही जाणार!”

सगळ्यांच्या माना वर वळल्या. म्हातारा वेअरबीसुद्धा डोळ्यांवर हात धरून बघू लागला. सरकार पायरीवर उभे होते. त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला. पण त्यांनी मान हलवली. अगदी थोडी.

उर्सुलाने बाळाचं टोपडं कपाळावर ओढलं, दुपटं हनुवटीपर्यंत वर घेतलं आणि त्याला उचलून खिडकीशी धरलं. खाली एकच जल्लोष झाला. फिलिपाने हात हलवला. बाईसाहेब टाळ्या वाजवत ओरडल्या, “बघा, एवढ्या आवाजातसुद्धा झोपलाय राजा माझा!”

घोडे कमानीतून बाहेर पडले.

बाईसाहेबांना आधी सरकार सांगणार होते. पण जिन्यावर पावलं वाजली ती बाईसाहेबांची, अनवाणी. जोडे हातातच होते. “दे आता. दिवसभर हात शिवशिवतायत माझे.”

उर्सुला बाळाला मांडीवर घेऊन पाळण्याशेजारी बसली होती. बाईसाहेबांनी त्याच्या गालाला हात लावला. जोडे खाली पडले. त्यांनी दुपटं बाजूला केलं, मूठ धरून पाहिली, टोपडं मागे सारलं. त्या किंचाळल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या, कधी बाळाकडे, कधी उर्सुलाकडे.

“केव्हा?”

“सकाळी.”

“सकाळी.” हा शब्द कळायला त्यांना वेळ लागला. “मी आले होते. मी इथे उभी होते. तू… तू त्याला खिडकीत धरलंस. मी टाळ्या वाजवल्या, उर्सुला!”

सरकार दारात येऊन पोचले होते. धापा टाकत होते.

“आणखी कुणाला माहीत होतं?” बाईसाहेबांनी विचारलं.

उर्सुलाने सरकारांकडे पाहिलं आणि वाट पाहिली. त्यांचे ओठ हलले. मग ते वळून चौकटीला कपाळ टेकून उभे राहिले. बाईसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. आता पाहिलं आणि खरं कळलं, तर या घरात बाईसाहेबांना कुणीच उरणार नव्हतं.

“कुणाला नाही, बाईसाहेब,” उर्सुला म्हणाली. “एकट्या मलाच.”

“चालती हो. आत्ताच्या आत्ता. परत या घरात तोंड दाखवू नकोस.” आवाज अगदी शांत होता. “आण. दे माझ्याकडे त्याला.”

उर्सुला उठली. एक हात पाठीखाली आणि एक डोक्यामागे, असं धरून तिने अँब्रोझला आईच्या हातांवर ठेवलं.

“मान सांभाळा,” सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं.